डॉ. ऑस्लर यांचे ग्रंथालय आणि आपण



आपल्या घरातील एक तरी मूल डॉक्टर व्हावे, अशी इच्छा बहुतेक आईवडिलांच्या मनात असते. दहावीचा निकाल लागला की पालक गुणपत्रिका हातात घेऊन आम्हां शिक्षकांकडे येतात आणि विचारतात, "सर, मुलाला डॉक्टर करायचे आहे. कोणती पुस्तके घ्यावीत?" आम्ही गाइडांची आणि प्रश्नसंचांची नावे सांगतो. पालक ती कागदावर उतरवून घेतात आणि पोटाला चिमटा काढून विकत आणतात. यात गैर काहीच नाही. परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही, हे खरेच आहे.

परंतु याच प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका थोर डॉक्टरने फार वेगळे उत्तर दिले होते. वैद्यकीच्या विद्यार्थ्याने काय वाचावे, याची दहा नावांची यादी त्याने छापली. त्या यादीत वैद्यकाचे एकही पाठ्यपुस्तक नव्हते! या डॉक्टरचे नाव सर विल्यम ऑस्लर. त्यांचा ग्रंथसंग्रह आज कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी मॅकगिल विद्यापीठात 'ऑस्लर ग्रंथालय' या नावाने सांभाळला जात आहे. तेथे आपल्या जिव्हाळ्याचेही एक धन आहे. त्या ग्रंथालयाची हकिकत या लेखात आपणांस सांगावयाची आहे.

गुरूने उघडलेले कपाट

ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात बाँड हेड नावाच्या लहानशा वस्तीत झाला. वडील धर्मोपदेशक, कुटुंब मोठे, आणि सभोवती नुकतीच जंगल तोडून केलेली शेते. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाने पुढे जगातील नामांकित डॉक्टर व्हावे याचे श्रेय बऱ्याच अंशी त्याच्या शिक्षकांकडे जाते. शाळेचे मुख्याध्यापक जॉन्सन यांनी त्याला सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहावयास शिकविले. टोरांटोचे डॉक्टर जेम्स बोव्हेल यांनी तर आपल्या घरचा ग्रंथसंग्रहच त्याच्यासाठी मोकळा केला. तरुण विल्यमने हवे ते पुस्तक काढावे आणि हवे तितके वाचावे. पुढे चांगल्या रुग्णालयीन शिक्षणासाठी तो मॉन्ट्रियलला मॅकगिल विद्यापीठात गेला आणि १८७२ साली तेथून डॉक्टर होऊन बाहेर पडला.

अठरा वर्षांचा असताना त्याने स्वतःच्या पैशांनी 'रिलिजिओ मेडिसी' हे पुस्तक विकत घेतले. सतराव्या शतकातील सर थॉमस ब्राउन या इंग्रज वैद्याने आपल्या श्रद्धेविषयी आणि जीवनाविषयी लिहिलेले हे पुस्तक होय. ही प्रत ऑस्लर यांनी जन्मभर जवळ बाळगली. १९१९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा शवपेटीवर तीच प्रत ठेवण्यात आली होती. एका विद्यार्थ्याने घेतलेले एक पुस्तक बावन्न वर्षे सोबत करते, ही गोष्ट आपण लक्षात घेण्याजोगी आहे.

एका पाठ्यपुस्तकाची करामत

ऑस्लर वयाच्या पंचविसाव्या वर्षी मॅकगिलमध्ये शिकवू लागले. १८८४ साली ते फिलाडेल्फियास गेले. १८८९ साली बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील वैद्यकविभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९०५ पासून अखेरपर्यंत ते ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. विद्यार्थ्याने केवळ व्याख्याने ऐकून डॉक्टर होऊ नये, रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. तथापि खाटेजवळ उभे राहणाऱ्याला ग्रंथांची गरज नाही, असे मात्र ते कधीही म्हणाले नाहीत. दोन्ही हवेत, एकावाचून दुसरे लंगडे, हेच ते वारंवार सांगत.

१८९२ साली त्यांनी वैद्यकाचे एक मोठे पाठ्यपुस्तक लिहिले. त्याचा विशेष असा की ज्या रोगावर खात्रीचा उपाय नाही, तेथे तसे स्पष्ट लिहिले होते. उगाच औषधांची लांबलचक यादी देऊन वाचकाची दिशाभूल केलेली नव्हती. १८९७ सालच्या उन्हाळ्यात हे पुस्तक फ्रेडरिक गेट्स नावाच्या गृहस्थांनी सुटीत वाचावयास घेतले. ते डॉक्टर नव्हते. धनाढ्य उद्योगपती रॉकफेलर यांच्या दानधर्माचा कारभार ते पाहात. पुस्तक वाचून ते चकित झाले. इतके रोग, आणि त्यांतील इतक्या थोड्यांवर खरा इलाज! त्यांनी रॉकफेलर यांना पटविले की रोगांच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र संस्था हवी. १९०१ साली न्यूयॉर्क येथे ती संस्था स्थापन झाली. आनुवंशिक गुण डी.एन.ए. या द्रव्यातून संक्रमित होतात, हे १९४४ साली जगापुढे मांडणारे ओस्वाल्ड एव्हरी आणि त्यांचे सहकारी याच संस्थेतील होत. डॉक्टर नसलेल्या एका माणसाने सुटीत एक पुस्तक मन लावून वाचले, त्यातून हे एवढे घडले.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या पुस्तकात "हे अजून ठाऊक नाही" असे लिहिण्यास धैर्य लागते. परीक्षेत आपण कोरी जागा सोडण्यास भितो आणि काहीतरी भरून टाकतो. ऑस्लर यांनी ती जागा कोरी ठेवली, म्हणून ती भरावी असे दुसऱ्याला वाटले.

उशाशी असावीत अशी दहा पुस्तके

आता त्या यादीकडे वळू. १९०४ साली ऑस्लर यांच्या भाषणांचा संग्रह प्रसिद्ध झाला, त्याच्या शेवटी ही यादी आहे. तिला त्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांचे 'उशाशी असावयाचे ग्रंथालय' म्हटले. झोपण्यापूर्वी अर्धा तास वाचावे आणि सकाळी कपडे करताना उघडे पुस्तक समोर असावे, एवढीच त्यांची अपेक्षा. यादीत प्रथम त्यांचा धर्मग्रंथ बायबल, नंतर शेक्सपिअर, फ्रेंच निबंधकार मोंतेन, प्लुटार्कने लिहिलेली ग्रीक व रोमन पुरुषांची चरित्रे, रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस याचे चिंतन, गुलामगिरीतून वर आलेला तत्त्वज्ञ एपिक्टेटस, ब्राउन यांचे 'रिलिजिओ मेडिसी', स्पेनची 'डॉन क्विझोट' ही कादंबरी, अमेरिकन विचारवंत एमर्सन, आणि शेवटी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांची न्याहारीच्या टेबलावरील गप्पांची पुस्तके. होम्स हे स्वतः वैद्यकाचे प्राध्यापक होते.

या यादीत बादशहा आहे आणि गुलामही आहे. रुग्णालयात दोघेही येतात. दोघांचे दुःख ओळखता यावे म्हणून डॉक्टरला औषधांखेरीज माणसांचेही ज्ञान हवे, हा यादीमागील अर्थ मला दिसतो. आणखी एक मौज सांगतो. 'डॉन क्विझोट'चा लेखक सर्व्हांटिस आपल्या कादंबरीत असे भासवितो की ही कथा मूळ सिदी हामेत बेनेंगेली नावाच्या अरब इतिहासकाराने लिहिली. हा इतिहासकार काल्पनिक आहे. पण स्पेनच्या त्या थोर लेखकाला कथेचे पितृत्व देण्यासाठी अरब विद्वानच आठवावा, यावरून त्या देशाच्या मनात कोणत्या आठवणी होत्या हे कळते.

यादीत एक उणीवही आहे, ती लपवू नये. आशियातील आधुनिक काळच्या वा मध्ययुगीन एकाही लेखकाचे नाव तिच्यात नाही. ऑस्लर यांनी जे वाचले, तेच सुचविले. म्हणून ही यादी जशीच्या तशी उचलण्याची गरज नाही. तिची रीत मात्र उचलावी. आपला विद्यार्थी आपल्या धर्मग्रंथाजवळ सादींची 'गुलिस्ताँ' आणि तुकोबांची गाथा ठेवू शकतो. एखादे चांगले चरित्र, एखादी चांगली मराठी कादंबरी ठेवू शकतो. दहा नाहीत तर तीन ठेवावीत.

संग्रह कसा घडला

ऑस्लर हे जन्मभर ग्रंथ जमवीत राहिले. ऑक्सफर्डमधील त्यांच्या घराचे दार विद्यार्थ्यांना सदैव उघडे असे. हौसेने पुस्तके जमविणारे श्रीमंत पुष्कळ असतात. ऑस्लर यांच्या मनात वेगळा हेतू होता. वैद्यक कसकसे वाढले हे ग्रंथांच्या रांगेवरूनच विद्यार्थ्याला कळावे, म्हणून त्यांनी संग्रहाचे आठ भाग कल्पिले. पहिल्या भागात ज्या ग्रंथांनी वैद्यकाची पावले पुढे टाकली, तेवढेच कालक्रमाने लावावयाचे. म्हणजे विद्यार्थ्याने या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जावे आणि ग्रीक वैद्यांपासून आपल्या काळापर्यंतचा प्रवास डोळ्यांनी पाहावा. या रांगेत इब्न सिना यांना मानाचे स्थान आहे. त्यांच्या 'कानून' या ग्रंथाचे बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर झाले आणि पुढे कित्येक शतके युरोपातील विद्यापीठांत तो शिकविला गेला. १५९३ साली रोम येथे तो अरबीतही छापला गेला. ऑस्लर यांनी आपल्या व्याख्यानांत या ग्रंथाची थोरवी मोकळेपणाने मान्य केली आहे.

१९१७ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या महायुद्धात त्यांचा एकुलता एक हयात मुलगा रेव्हिअर बेल्जियमच्या रणभूमीवर मारला गेला. तो अवघा एकवीस वर्षांचा होता आणि त्यालाही पुस्तकांचे वेड होते. या आघाताने वडील आतून खचले. तरीही त्यांनी संग्रहाच्या सूचीचे काम सोडले नाही. २९ डिसेंबर १९१९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा सूची अपुरी होती. सुमारे आठ हजार ग्रंथ त्यांनी आपल्या जुन्या विद्यापीठाला, मॅकगिलला, देऊन टाकले होते. ज्या घरी आपण शिकलो त्या घरी परतफेड करावी, हीच त्यामागची भावना. त्यांचे नातलग डॉ. फ्रान्सिस आणि दोन सहकारी यांनी दहा वर्षे खपून सूची पुरी केली. तिच्यात साडेसात हजारांहून अधिक नोंदी आहेत. १९२९ साली ती छापली गेली आणि त्याच वर्षी २९ मे रोजी ग्रंथालयाचे उद्घाटन झाले. डॉ. फ्रान्सिस पुढे तीस वर्षे तेथील ग्रंथपाल होते. ऑस्लर दांपत्याची रक्षा त्या ग्रंथांच्या सान्निध्यातच ठेवलेली आहे.

गाफिकींचा ग्रंथ

आता आपल्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येतो. या संग्रहात एक अरबी हस्तलिखित आहे. बाराव्या शतकात स्पेनमध्ये, कॉर्डोव्हाच्या परिसरात, अबू जाफर अल्-गाफिकी नावाचे एक वैद्य होऊन गेले. त्यांनी 'किताब अल्-अदविया अल्-मुफ्रदा' हा ग्रंथ लिहिला. आपल्याकडील युनानी हकीम औषधांचे 'मुफरद' आणि 'मुरक्कब' असे दोन प्रकार सांगतात. एकच द्रव्य ते मुफरद, अनेकांचे मिश्रण ते मुरक्कब. गाफिकींचा ग्रंथ मुफरद औषधांचा आहे. प्रत्येक वनस्पतीविषयी डायोस्कोरिडीस काय म्हणतो, गॅलन काय म्हणतो, नंतरच्या विद्वानांनी काय भर घातली, हे ते ज्याचे त्याचे नाव घेऊन सांगतात आणि मग स्वतःचे निरीक्षण मांडतात. एकाच वनस्पतीची वेगवेगळ्या भाषांतील नावेही ते देतात, कारण नावात चूक झाली तर रुग्णाच्या पोटात भलतेच औषध जावयाचे. पुढच्या शतकातील प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल्-बैतार यांनी आपल्या ग्रंथासाठी गाफिकींचा भरपूर आधार घेतला.

मॉन्ट्रियलमधील प्रत या ग्रंथाच्या पूर्वार्धाची आहे. ती हिजरी ६५४, म्हणजे इसवी सन १२५६ मध्ये लिहिली गेली. तिच्यात साडेतीनशेहून अधिक रंगीत चित्रे आहेत. लक्षात घ्या, यानंतर दोनच वर्षांनी, १२५८ साली, हुलागूच्या फौजांनी बगदाद उद्ध्वस्त केले आणि तेथील अगणित ग्रंथ नष्ट झाले. ही प्रत मात्र वाचली. सुमारे साडेसहाशे वर्षे ती या हातातून त्या हातात गेली आणि १९१२ च्या सुमारास इराणातील डॉ. सईद यांच्यामार्फत ऑस्लर यांच्याकडे आली. मॅकगिल विद्यापीठात १९५२ पासून इस्लामी विद्येच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था आहे. म्हणजे ग्रंथ होता आणि तो वाचू शकणारेही तेथे तयार झाले. अखेर २०१४ साली या हस्तलिखिताची हुबेहूब प्रतिकृती विद्वानांच्या लेखांसह प्रसिद्ध झाली.

याच विद्यापीठाला केसी वुड नावाच्या एका नेत्रवैद्यानेही पुष्कळ ग्रंथ दिले. दहाव्या-अकराव्या शतकातील अली इब्न ईसा यांच्या नेत्रवैद्यकावरील ग्रंथाचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले, ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी आपल्या देशात येऊनही हस्तलिखिते मिळविली. त्यांच्यासाठी रशियन पंडित इव्हानोव यांनी लखनौ शहरी अरबी-फारसी हस्तलिखितांची खरेदी केली. अशा रीतीने लखनौच्या बाजारातील ग्रंथ समुद्रापार गेले आणि तेथे जतन झाले.

हे वाचून आपल्याला अभिमान वाटेल. वाटावाच. परंतु मला त्याचबरोबर थोडी लाजही वाटते, ती का ते सांगतो. माझे पणजोबा गावात हकिमी करीत. त्यांनी नुस्खे लिहून ठेवलेली एक जाडजूड 'बयाज' आमच्या घरी होती. आजोबांना ती वाचता येई. वडिलांना ती लिपी येत नव्हती, म्हणून त्यांनी ती फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली. मी दहावीत असताना पावसाळ्यात कौले गळाली. माळा साफ करावयास गेलो तेव्हा फडके तेवढे उरले होते, आत वाळवीने माती केली होती. तिच्यात काय होते हे आता कोणीच सांगू शकणार नाही. गाफिकींची प्रत साडेसातशेहून अधिक वर्षे टिकली. आमची बयाज तीन पिढ्याही टिकली नाही. वाळवीला दोष देऊन काय उपयोग? ती कोणीतरी वाचीत असते तर माळ्यावर गेलीच नसती.

आपण काय करावे

भाषणांत इब्न सिनांचे आणि अल्-राझींचे नाव घेऊन आपण टाळ्या मिळवितो. पण त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये नेणारे, छापणारे, विकत घेऊन जपणारे, त्याची सूची करणारे लोक निराळेच होते, हे विसरून चालणार नाही. वारसा हा रक्ताने मिळतो असे आपण समजतो. ग्रंथांचा वारसा मात्र जो वाचतो त्याच्याकडे जातो.

ऑस्लर यांच्या हकिकतीतून आपल्याला करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. १८९८ साली अमेरिका व कॅनडातील वैद्यकीय ग्रंथालयांचा एक संघ स्थापन झाला. मॅकगिलच्या ग्रंथालयातील मार्गारेट चार्लटन या बाई त्याच्या संस्थापकांपैकी होत्या आणि ऑस्लर पुढे त्याचे अध्यक्ष झाले. या संघाचे मुख्य काम अगदी साधे होते. एका ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असल्या तर जादा प्रत जेथे ती नाही तेथे पाठवावयाची. हे आपल्यालाही करता येईल. बारावी झालेल्या मुलाची पुस्तके रद्दीत न जाता अकरावीतल्या गरीब मुलीच्या हाती जावीत. त्यासाठी पैसा लागत नाही, एक वही आणि एक जबाबदार माणूस लागतो.

दुसरी गोष्ट, आपल्या घरी जुनी हस्तलिखिते, बयाजा, पत्रे असतील तर ती फेकू नका. वाचता येत नसली तरी जाणकाराला दाखवा, त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवा, कोरड्या जागी ठेवा.

तिसरी गोष्ट आम्हां शिक्षकांसाठी आहे. मी पूर्वी ज्या शाळेत शिकवीत होतो तेथे पुस्तकांचे एक काचेचे कपाट होते. ते तपासणीच्या दिवशी उघडत असे. पुस्तके हरवतील या भीतीने मीच त्याची किल्ली खिशात ठेवीत होतो, हे कबूल केले पाहिजे. डॉ. बोव्हेल यांनी तसे केले असते तर? २०१८ च्या जुलैमध्ये ऑस्लर ग्रंथालयाच्या इमारतीच्या छताला आग लागली आणि ग्रंथालय बंद ठेवावे लागले. संकटे तेथेही येतात. पण काचेआड कुलूपबंद राहिलेल्या पुस्तकाला आगीची वाट पाहावी लागत नाही, ते असूनही नसल्यासारखेच असते. आता माझ्या वर्गातील कपाटाची किल्ली नववीतील एका मुलीकडे असते. गेल्या वर्षी चार पुस्तके हरवली आणि एकशे साठ वाचली गेली. हा हिशेब मला तोट्याचा वाटत नाही.

पालकहो, यापुढे आपण "कोणती पुस्तके घ्यावीत" असे विचारण्यास आलात तर गाइडांची नावे मी सांगेनच. पण त्याखाली आणखी एका पुस्तकाचे नाव लिहून देईन. ते परीक्षेला नसेल. रात्री झोपण्यापूर्वी अर्धा तास मुलाला ते वाचू द्या आणि जमल्यास आपणही शेजारी बसून ऐका.